पट्टी कधी सोडायची

१९८६ सालच्या डिसेंबरात, नागपुरातल्याच एका नाट्यगृहात, भर पदात माझी पट्टी अडकली. पद यमनातलं, गायक नटाचा षड्ज पांढरी एक, आणि अडकली कोणती तर काळी चार. म्हणजे कोमल धैवत. यमनात कोमल धैवत पोंऽऽ करून चालूच राहिला तर काय होतं, हे ज्याला कळतं त्याला पुढचं सांगायला नको. मी पाय थांबवले, पण भात्यात जोर होता तोवर तो सूर काही गप्प बसेना. शेवटी नखाने पट्टी वर ओढली. नटाने माझ्याकडे असं पाहिलं, की पुढच्या अंकात खलनायकाकडे पाहायला त्याच्याजवळ काही शिल्लक उरलं नसावं.

मी हौशी वादक. दिवसभर सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत कारकुनी, संध्याकाळी संगीत नाटकांच्या तालमीला ऑर्गन, असं तीसेक वर्षं चाललं. मराठी माणसाला 'ऑर्गन' म्हटलं की पायपेटीच दिसते. लाकडी खोकं, खाली दोन पॅडल, डावा-उजवा पाय आलटून पालटून मारत राहायचं, आणि वर दोन्ही हात. माझी पायपेटी एका बंद पडलेल्या नाटक मंडळीकडून घेतलेली. महालातल्या वाड्यातून बजाजनगरच्या फ्लॅटवर आणताना चार माणसं लागली आणि दोघांनी जिन्यातच पुढच्या वेळी बोलवू नका म्हणून सांगितलं. नागपूरच्या उन्हाळ्यात तिच्या भात्याचं कातडं पापडासारखं होतं. दर जूनमध्ये सरस उकळून ठिगळं लावायची, हा आमच्या घरचा पावसाळ्याआधीचा कुळाचार. लोणच्याच्या कैऱ्या एकीकडे, सरसाचा वास एकीकडे.

तर त्या प्रयोगाला आमचे सेक्शनचे साहेब आले होते. मराठी ख्रिस्ती गृहस्थ, सदरमधल्या एका चर्चमध्ये रविवारी ऑर्गन वाजवायचे. तोही पायपेटीच्याच जातीचा. कचेरीत ते कधी गाण्याबिण्याबद्दल बोलत नसत. दुसऱ्या दिवशी डबा खाताना म्हणाले, "काल तुमची पट्टी अडकली."

म्हटलं, "हो साहेब. सगळ्या हॉलला कळलं."

"अडकली नसती तरी तुम्ही पट्ट्या उशिराच सोडता. रोज. ते हॉलला कळत नाही, मला कळते."

आणि आठवड्याने एका वर्तमानपत्रात गुंडाळून एक एलपी दिली. कव्हरवर चित्र नाही, फोटो नाही, नुसती अक्षरं. "ऐका. अन् ओरखडा न पाडता परत आणा बरं."

वाजवणाऱ्याचं नाव हेल्मुट वाल्खा. मी ते बराच काळ 'वालचा' वाचत होतो.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काही म्हणजे काही कळलं नाही, हे कबूल करतो. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, कोणाकडे गमी झाली का?" मला हसू आलं, पण मलाही थोडं तसंच वाटत होतं. एकामागून एक सुरांच्या भिंती. गायक नाही, तबला नाही, टाळी कुठे द्यायची कळत नाही.

दुसऱ्या बाजूला एक तुकडा होता, पासाकाल्या. बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचा, सी मायनरमधला. तो सुरू होतो नुसत्या खर्जात, एकट्या सुरावटीने. ती संपते आणि तीच पुन्हा सुरू होते. वर दुसरं काहीतरी चालू. पुन्हा तीच. वर आणखी काहीतरी. तिसऱ्या आवर्तनाला मी ताडकन उठून बसलो, कारण हे मला येत होतं! हा लहरा होता. तबल्याचा सोलो असतो तेव्हा पेटीवाला एकच सुरावट तासभर वाजवत बसतो, आणि तबलजी तिच्यावर आपला कायदा, पेशकार, तुकडे मांडतो. मी आयुष्यात शेकडो तास लहरा धरलेला. इथे फरक एवढाच, की लहरा धरणारा आणि सोलो वाजवणारा एकच माणूस, आणि लहरा तो पायाने वाजवतोय. बोटं मोडून मात्रा धरल्या. तीन-तीनच्या आठ, म्हणजे चोवीस मात्रांचं आवर्तन. उचल समेच्या एक मात्रा आधी. अशी वीस रूपं, मधे ती सुरावट पायातून हातात वर जाते, परत खाली येते, आणि शेवटी त्याच सुरावटीतून एक फ्यूग निघते, म्हणजे एकच ओळ एकेक आवाज पाठोपाठ उचलत जातो अशी रचना.

त्या रात्री मी ती बाजू चार वेळा लावली.

पायाचं जरा सांगतो, कारण आमच्या आणि त्यांच्या ऑर्गनमधला सगळा भेद तिथे आहे. पायपेटीत पाय वारा घालतात. जोरात मारले की सूर मोठा, हळू मारले की लहान. म्हणजे गायकाचा आवाज चढला तसा आपला चढवायचा, हे आमच्या साथीचं निम्मं कसब पायात असतं. चर्चमधल्या पाइप ऑर्गनला वारा पुरवायला पूर्वी वेगळी माणसं असत, मोठाले भाते दाबणारी. आता विजेचा पंखा असतो. त्यामुळे वादकाचे पाय मोकळे. त्या मोकळ्या पायांसाठी खाली लाकडाच्या लांब पट्ट्यांची आणखी एक अख्खी पेटी असते आणि खर्ज तिथे वाजतो.

पण वारा कायम सारखाच. त्यामुळे पट्टी हलकी दाबा की ठोसा मारा, पाइपला त्याचा पत्ता नाही. सूर तेवढाच. पियानोवाला बोटाच्या जोराने भाव आणतो, आम्ही पायाने आणतो, व्हायोलिनवाला गजाने. पाइप ऑर्गनवाल्याच्या हातात, कोणते पाइप उघडायचे ते एकदा ठरलं की, दोनच गोष्टी उरतात. पट्टी कधी दाबायची आणि कधी सोडायची. आणि दाबायची वेळ तर बहुतेक लयच ठरवते. उरलं सोडणं.

साहेब म्हणाले होते त्याचा अर्थ असा महिन्याभराने लागला. वाल्खा ऐकताना प्रत्येक सुराला शेवट असतो. सूर विझत नाही, थांबतो. पुढचा सुरू व्हायच्या आधी केसाएवढी फट. सलग तानेसारखी धावणारी जागा असली तरी त्यात दाणे वेगळे दिसतात, साबुदाण्याच्या खिचडीत चांगल्या हाताच्या बाईचे दिसतात तसे. गोळा नाही. आणि लय हलत नाही. पासाकाल्यात शेवटी शेवटी सगळं अंगावर येतं, कोणीही माणूस तिथे घाई करेल, वाल्खा करत नाहीत. लहरा धरणाऱ्याला विचारा, समोर तबलजी पेटलेला असताना लय न चढू देणं म्हणजे काय असतं ते.

मग मी साहेबांचं डोकं खाऊ लागलो. त्यांनी सांगितलं ते, आणि पुढे तीस वर्षांत इकडून तिकडून वाचलं ते, असं आहे.

वाल्खांचा जन्म १९०७ चा, लाइपत्सिगचा. लहानपणी देवीची लस टोचल्यानंतर नजर अधू झाली आणि विशी गाठायच्या आत पूर्ण गेली. आपल्याकडे विष्णु दिगंबर पलुस्करांची गोष्ट आठवते. फटाक्याने डोळे गेले म्हणून पोराला मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकायला घातलं. डोळे जाण्याचं आणि गाण्याचं असं काहीतरी जुनं देणंघेणं असावं.

लाइपत्सिग म्हणजे बाखचं गाव. १७२३ पासून १७५० साली मरेपर्यंत बाख तिथल्या थॉमसकिर्खे या चर्चचा संगीतप्रमुख होता. वाल्खा तिथेच गुंटर रामीन यांच्याकडे शिकले, त्यांचे मदतनीसही होते. रामीन हे कार्ल श्ट्राउबे यांचे शिष्य. म्हणजे सरळ सरळ घराणं झालं. या घराण्याची खास चीज म्हणजे माक्स रेगर या संगीतकाराच्या अवजड, सुरांनी खच्चून भरलेल्या रचना. श्ट्राउबेंनी त्या गाजवल्या होत्या. वाल्खांनीही आधी वाजवल्या, आणि मग एक दिवस बंद केल्या. शिकवायच्याही बंद केल्या. आजोबागुरूंची चीज नातवाने वर्गाबाहेर काढली! आपल्याकडे असं कोणी केलं असतं तर पुढच्या तीन पिढ्या एकमेकांच्या लग्नाला गेल्या नसत्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की त्यात इतकं भरलंय की आतले आवाज ऐकू येत नाहीत. मी रेगर थोडा ऐकलाय. मला वाईट नाही वाटला. पण वाल्खांना तो का नको होता, ते त्यांच्या शिकण्याच्या पद्धतीत दडलेलं आहे.

डोळ्यांनी कागद वाचता येत नाही, तर एवढं संगीत शिकायचं कसं? ते दुसऱ्याला वाजवायला सांगत. आधी आई, पुढे बायको उर्झुला. पण सगळं एकत्र वाजवायचं नाही. चार आवाजांची रचना असेल तर आधी एकट्या वरच्या आवाजाची ओळ. मग दुसऱ्याची. मग तिसऱ्याची. मग पायाची. प्रत्येक ओळ स्वतंत्र पाठ झाली की डोक्यात चारही एकत्र चालवायच्या, आणि मग हात ऑर्गनवर. असा बाखचा सगळा ऑर्गन त्यांना तोंडपाठ होता. पुढे फ्रांकफुर्टच्या संगीत महाविद्यालयात शिकवायला लागल्यावर पोरांना कामाला लावलं ते असंच. एक ओळ तोंडाने गायची आणि बाकीच्या त्याच वेळी हातापायांनी वाजवायच्या. करून पाहा. पेटीवर साधी आरती वाजवताना तिचाच खर्ज तोंडाने म्हणून पाहा. दोन मिनिटांत घाम फुटतो. मला फुटला.

मधला आवाज हा साथीदाराचा आवाज आहे. वरची ओळ सगळ्यांना ऐकू येते, खालची पोटात जाणवते, मधली कोणी ऐकत नाही. सगळ्या प्रयोगात माझ्याकडे कोणी पाहिलं असेल तर ते पट्टी अडकली तेव्हा. वाल्खांच्या वाजवण्यात मधल्या आवाजालाही स्वतःचं नाव, गाव, चालण्याची पद्धत असते. कारण तो त्यांनी आईच्या किंवा बायकोच्या हातून एकट्याने येताना ऐकलेला असतो. हे सगळं त्यांच्या रेकॉर्डमध्ये खरंच ऐकू येतं की गोष्ट माहीत असल्यामुळे मला तसं भासतं, यावर मी आणि साहेब बरेचदा भांडलो. ते म्हणायचे, गोष्ट विसरून ऐका. मला अजून जमलेलं नाही.

नोकरी म्हणाल तर साधी. १९२९ पासून फ्रांकफुर्टमध्ये चर्चचा ऑर्गनवादक. १९४६ पासून त्याच गावातल्या ड्रायक्यॉनिग्सकिर्खेत. रविवारची प्रार्थना, भजनांना साथ, त्याआधी स्वतः रचलेली किंवा तिथल्या तिथे सुचलेली छोटी आलापी. या छोट्या रचनांचे त्यांचे चार भाग छापलेले आहेत. थोडक्यात, जगभर नाव झालेला हा माणूस दर आठवड्याला गावकऱ्यांच्या गाण्याला साथ करत होता.

जगभर नाव झालं ते रेकॉर्डमुळे. १९४७ मध्ये सुरुवात झाली, ल्यूबेक गावात. हे तेच ल्यूबेक, जिथल्या बुक्स्टेहूड या बुजुर्ग वादकाचा ऑर्गन ऐकायला वीस वर्षांचा बाख १७०५ साली आर्नश्टाटहून चारशे किलोमीटर चालत गेला होता. (नागपूर ते औरंगाबाद चालत निघालात तर साधारण कल्पना येईल. बाखने चार आठवड्यांची रजा घेतली होती आणि परतला चारेक महिन्यांनी. आमच्या कचेरीत असतं तर खातेनिहाय चौकशी.) पण १९४७ मध्ये बुक्स्टेहूडचं मारीयेनकिर्खे जळून गेलेलं होतं. १९४२ च्या मार्चमध्ये ब्रिटिश विमानांनी टाकलेल्या बॉम्बमध्ये. जवळच्याच याकोबीकिर्खेतले ऑर्गन मात्र वाचले, आणि त्यातल्या छोट्यावर वाल्खा बसले. पडक्या गावात, युद्ध संपून दोन वर्षं झालेली असताना. मग १९५० आणि ५२ मध्ये उत्तर समुद्राजवळच्या कापेल या खेड्यात.

या कापेलच्या ऑर्गनवर माझा जीव आहे. आर्प श्निटगर नावाच्या कारागिराने तो १६८० साली हाम्बुर्गच्या एका चर्चसाठी बांधला. १८१६ मध्ये कापेलच्या लोकांनी तो विकत घेतला. शहरात राहिला असता तर नव्या फॅशनप्रमाणे कोणीतरी तो 'सुधारला' असता, नाहीतर बॉम्बमध्ये गेला असता. खेड्यात गेला म्हणून टिकला. बंद पडलेल्या नाटक मंडळीच्या पायपेटीचं फ्लॅटमध्ये बस्तान बसवणाऱ्याला ही गोष्ट आवडणारच. साहेबांची ती एलपी कापेलची होती.

नंतर स्टिरिओ आलं आणि वाल्खांनी सगळा बाख दुसऱ्यांदा रेकॉर्ड करायला घेतला. १९५६ मध्ये हॉलंडमधल्या आल्कमारला, जिथला मोठा ऑर्गन श्निटगरच्या मुलाने नव्याने घडवलेला, आणि शेवटी स्ट्रासबुर्गला, १९७१ पर्यंत. जाणकार बहुतेक या दुसऱ्या संचाला मान देतात. आवाज स्वच्छ आहे, यात वाद नाही. मला तरी पहिला, मोनोतला, खरखरणारा कापेलच हवा. दुसऱ्यात काही ठिकाणी ते मला फार शहाणे वाटतात.

टीका करणारे म्हणतात, वाल्खा कोरडे आहेत. मास्तर आहेत. बाखच्या काळात लोक असं इतकं सरळ वाजवत नसत, थोडं रेंगाळत, थोडं नखरा करत, सुरांना कणमुरक्या लावत. हे खरं असावं. जुन्या पद्धतीचा अभ्यास करून वाजवणारे नंतर बरेच आले. टॉन कोपमन ऐकला की वाटतं हा माणूस ऑर्गनच्या बाकावर बसून खिदळतोय. ट्रिलवर ट्रिल. मला मजा येते, पण अर्ध्या तासाने गोड जास्त झालेल्या संत्रा बर्फीसारखं होतं. फ्रान्सच्या मारी-क्लेअर आलँ यांनी तर सगळा बाख तीनदा रेकॉर्ड केला, दर वेळी आधीचं मत बदलून, तिसऱ्यांदा जुन्या ऑर्गनांवर जाऊन. मत बदलण्याचा हा मोठेपणा वाल्खांजवळ नव्हता. त्यांनी पंचविशीत जे ठरवलं ते बहुधा सत्तरीपर्यंत तेच. पण कोरडे? सहा ट्रिओ सोनाटा ऐका. दोन हात, दोन वेगवेगळ्या पट्ट्यांच्या रांगांवर, खाली पाय. तीन आवाज आणि एकही दुसऱ्याचा साथीदार नाही. असं म्हणतात की बाखने हे थोरल्या मुलाच्या रियाजासाठी लिहिले. वाल्खा वाजवतात तेव्हा तीन माणसं ओट्यावर बसून बोलत आहेत असं वाटतं, आणि कोणी कोणाचं वाक्य तोडत नाही. आमच्या घरात हे मी कधी ऐकलेलं नाही.

'आर्ट ऑफ फ्यूग'बद्दल मात्र जपून लिहितो, कारण ते अजून मला नीट झेपत नाही. बाखचं शेवटचं मोठं काम. शेवटच्या फ्यूगमध्ये तो स्वतःच्या नावाची अक्षरं सूर म्हणून घालतो, बी, ए, सी, एच (जर्मनांकडे एच हाही एक सूर), आणि थोड्याच वेळात हस्तलिखित थांबतं. अर्धवट. त्याच सुमाराला बाखचे डोळे गेलेले. जॉन टेलर नावाच्या एका फिरत्या इंग्रज नेत्रवैद्याने १७५० मध्ये दोनदा शस्त्रक्रिया केली आणि उरलंसुरलं गेलं. याच गृहस्थाने पुढे हँडेल या दुसऱ्या मोठ्या संगीतकाराच्याही डोळ्यांवर हात चालवला. एका माणसाच्या वाट्याला एवढे दोन डोळे... असो. बहुतेक वादक जिथे कागद थांबतो तिथेच हात उचलतात. एकदम शांतता. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, हमखास टाळ्या. वाल्खांनी ती फ्यूग स्वतः रचून पूर्ण केली. एका आंधळ्या माणसाने दुसऱ्याचं राहिलेलं वाक्य पुरं करावं, यात मला काही नाट्य करावंसं वाटत नाही, आणि त्यांनीही ते केलेलं नाही. काम राहिलं होतं, केलं.

खरा पाइप ऑर्गन वाजताना मी आयुष्यात ऐकलेला नाही. एकदा कचेरीच्या कामाने कलकत्त्याला गेलो होतो तेव्हा सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये मुद्दाम गेलो, तिथे विलिस या इंग्रज कंपनीचा नावाजलेला ऑर्गन आहे. दुपारची वेळ. पाइप दिसले. कोणी वाजवत नव्हतं. एक माणूस फरशी पुसत होता, त्याने हाताने मला बाजूने जायची खूण केली. एवढंच. बाकी सगळं एलपी, कॅसेट, सीडी आणि आता मोबाइल. सोळा फुटी पाइपचा सगळ्यात खालचा सूर सेकंदाला बत्तीसेक कंपनांचा असतो, तो आमच्या स्पीकरमधून येतच नाही, आणि मे महिन्यात तर त्या जागी कूलरच ऐकू येतो. म्हणजे पासाकाल्याचा लहरा मी निम्म्या वेळा मनातल्या मनात भरून घेतलाय.

साहेब २००३ मध्ये गेले. निवृत्त होताना त्यांनी मला एक कॅसेट दिली होती. मी स्टाफ नोटेशन शिकायचा तीनदा प्रयत्न करून सोडलेला, हे त्यांना ठाऊक होतं. कॅसेटवर त्यांनी बाखची एक छोटी रचना चर्चच्या पेटीवर वाजवून भरली होती, 'इख रूफ त्सू डीअर', ऑर्गनच्या छोट्या पुस्तकातली. वाल्खांच्या बायकोसारखी. आधी एकटी वरची ओळ, दोनदा. मग एकटी मधली, सोळाव्या मात्रांची सलग, हलत राहणारी. मग एकटा खर्ज, एकसारख्या पावलांनी चालणारा. प्रत्येकाआधी त्यांचा आवाज, "वन, टू, थ्री, फोर." मागे पंख्याची घरघर. तिन्ही एकत्र त्यांनी वाजवलंच नाही. मी विचारलं तर म्हणाले, "ते तुमचं काम."

मी ती कॅसेट कपाटात टाकून विसरलो. खोटं कशाला बोलू. निवृत्तीनंतर सापडली, भाच्याने मोबाइलवर उतरवून दिली. तरी वर्षभर अडत होतं ते एकाच जागी. पायपेटीवर माझे पाय वारा घालण्यात गुंतलेले, खर्ज वाजवणार कोण? शेवटी बायकोला विनवलं. तिने लग्नाआधी गाण्याच्या दोन परीक्षा दिलेल्या, हातपेटी बऱ्यापैकी वाजवते. खर्जाची ओळ ऐकून म्हणाली, "हे काय, नुसतं टप टप टप टप. यात शिकायचं काय?" आठ दिवसांनी म्हणाली, "टप टप सोपं नाही हो. माझं बोट उचलायला विसरते."

गेल्या मे महिन्यात एका दुपारी, बाहेर पंचेचाळीस तापलेलं, आम्ही दोघं बसलो होतो. मी पायपेटीवर दोन ओळी, ती हातपेटीवर तिसरी. मधेच लाइट गेली. कूलर धापा टाकत थांबला. आम्हा दोघांच्या वाद्यांना वीज लागत नाही, म्हणून वाजवत राहिलो. खोलीत दुसरा कसलाच आवाज नाही. तोपर्यंत मला माझी मधली ओळ बोटांना ठाऊक होती, कानाला नव्हती. ती तिच्या खर्जाच्या पावलांवरून चालत जाताना मी पहिल्यांदा ऐकली, आणि ऐकण्याच्या नादात वरची ओळ चुकलो. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चुकलो. घाम डोळ्यांत जात होता. चौथ्या वेळी शेवटापर्यंत गेलो, शेवटचा सूर दोघांनी एकदम सोडला. निदान मला तसं वाटलं.

ही रचना एफ मायनरमध्ये आहे. आपल्या हिशेबाने पांढरी चार षड्ज धरला तर कोमल गंधार येतो काळी चार. तीच पट्टी. सारखी लागते, मधल्या ओळीत तर पावलोपावली.

बायकोने पदराने कपाळ पुसलं. म्हणाली, "छान झालं. पण तुमची काळी चार अजून उशिरा सुटते."

मी खाली वाकून पट्टीखालचं लाकूड पाहिलं. त्याला काही झालेलं नव्हतं.